बाण कुठे जातो, हे कोणी ठरवायचं?

पुरवठादारांची बिलं तपासून, मंजूर करून पैसे देण्याचं काम वर्कफ्लो इंजिनवर, म्हणजे चित्रात आखलेल्या पायऱ्यांप्रमाणे काम पुढे सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, न्यायचं ठरलं तेव्हा माझ्या हातात एक चित्र आलं. प्रेझेंटेशनच्या एका स्लाइडवर काढलेले चौकोन, त्यांना जोडणारे बाण. ‘बिल आलं’, ‘तपासणी’, ‘खरेदी विभाग’, ‘स्टोअर’, ‘मंजुरी’, ‘पेमेंट’. कोपऱ्यातून मागे वळणारा एक बाण, त्याच्यावर ‘अडचण असल्यास परत’. हे चित्र कित्येक वर्षं वापरात होतं. नव्या माणसाला काम समजावताना हेच दाखवायचे, ऑडिटला हेच द्यायचे. मी ते घेऊन ज्या ज्या विभागात गेले तिथे एकच उत्तर मिळालं, ‘हो, बरोबर आहे, असंच चालतं.’

सगळ्यांनी एकमुखाने मान्य केलेलं चित्र हातात आलं की मी सावध होते. दहा जण एकाच बाणाकडे बघून मान डोलावतात तेव्हा प्रत्येकाच्या मनात त्या बाणाचा आपापला अर्थ असतो, आणि चित्र इतकं मोघम असतं की ते सगळे अर्थ त्यात मावतात. माणसं काम करतात तोवर यात बिघडत काहीच नाही. चित्रातल्या रिकाम्या जागा माणूस स्वतः भरतो, समोरच्याला फोन करतो, थोडं थांबतो, पुढे जातो. इंजिन यातलं काही करत नाही. बाण नेईल तिथे ते जातं आणि बाण संपला की थांबतं. त्यामुळे माझं काम नुसतं चित्र नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवण्याचं नव्हतं. रोज कोण कोणती जागा कशी भरतंय हे शोधायचं आणि ते नियम म्हणून लिहायचं आहे का, हे ज्याच्या अधिकारात आहे त्याला विचारायचं, असं ते काम होतं.

पहिली गाठ पडली ती अगदी निरुपद्रवी दिसणाऱ्या जागी. ‘तपासणी’मधून दोन बाण निघत होते, एक खरेदी विभागाकडे आणि एक स्टोअरकडे. बिलातला दर आणि अटी पर्चेस ऑर्डरशी जुळतात का, हे खरेदी विभाग बघतो. तेवढा माल खरंच आला का, हे स्टोअर आपल्या आवक-नोंदीवरून सांगतं. ऑर्डर, आवक-नोंद आणि बिल हे तिन्ही कागद जुळले की बिल पुढे सरकतं, अकाउंट्समध्ये याला थ्री-वे मॅचिंग म्हणतात. दोन्ही विभागांतून पुन्हा एकेक बाण निघून ‘मंजुरी’च्या चौकोनात शिरत होता. कागदावर बघताना यात खटकण्यासारखं काही नाही.

आम्ही बीपीएमएन वापरणार होतो, म्हणजे कामाच्या प्रक्रिया चित्रात मांडण्याची एक प्रमाणित पद्धत. ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने त्याची २.० आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१३ मध्ये आयएसओ १९५१० या क्रमांकाने ते आंतरराष्ट्रीय मानकही झालं. या आवृत्तीत चिन्हं कशी काढायची एवढंच दिलेलं नाही, चित्र चालवलं की काय घडतं याचेही नियम आहेत. प्रत्येक प्रकरणासाठी चित्रातून एक टोकन फिरतं अशी कल्पना करायची आणि ते कुठे थांबतं, कुठे फुटतं, कुठे संपतं हे नियमांवरून बघायचं. या नियमांप्रमाणे एका टास्कमधून, म्हणजे चित्रातल्या कामाच्या एका चौकोनातून, विनाअट दोन बाण निघाले तर दोन्ही वाटा एकदमच सुरू होतात. इथवर ठीक. पण एकाच टास्कमध्ये दोन बाण आले, तर ते टास्क दोघांसाठी थांबत नाही. पहिलं टोकन आलं की ते सुरू होतं, दुसरं आलं की परत एकदा सुरू होतं. म्हणजे ती स्लाइड जशीच्या तशी इंजिनला दिली असती तर प्रत्येक बिल दोनदा मंजुरीला गेलं असतं, आणि त्याचे पैसेही दोनदा निघाले असते.

प्रत्यक्षात असं कधीच झालेलं नव्हतं. का झालं नव्हतं, हे समजून घ्यायला मी चित्र मोठ्या कागदावर छापून घेतलं, टोकन म्हणून नाणी घेतली आणि अकाउंट्समध्ये जाऊन बसले. तिथे हे काम वर्षानुवर्षं बघणाऱ्या मॅडमना म्हटलं, आपण एक खरं बिल या कागदावरून चालवून बघू या. तपासणी झाली, नाण्याची दोन नाणी झाली. एक खरेदी विभागात ठेवलं, एक स्टोअरमध्ये.

‘स्टोअरचा होकार आला. हे नाणं मंजुरीत सरकवू?’

‘अहो थांबा, खरेदीवाल्यांचं कुठे आलंय अजून?’

‘पण चित्रात थांबा असं कुठे लिहिलेलं नाही.’

‘लिहायला कशाला हवं? मी थांबतेच की. दोन्ही मेल आल्याशिवाय मी फाइल वर पाठवतच नाही.’

त्या ‘मी थांबतेच की’मध्ये बीपीएमएनच्या नियमावलीतला एक अख्खा नियम होता. दोन वाटा जिथे एकत्र येतात तिथे अधिकचं चिन्ह असलेला पॅरलल गेटवे हवा, म्हणजे दोन्हीकडची टोकनं आल्याशिवाय पुढे काही सरकणार नाही. तो नियम इतकी वर्षं एका माणसाच्या सवयीत राहत होता आणि त्या सवयीमुळे कंपनीचे पैसे सुरक्षित होते. नवीन प्रणालीच्या चर्चेत मात्र त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. हे मला तेव्हाही चुकीचं वाटलं आणि आजही वाटतं.

गेटवे घातला आणि लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. खरेदी विभागाने ‘दर जुळत नाही’ म्हणून बिल परत पाठवलं तर? खरेदीचं नाणं मागच्या बाणाने पुरवठादाराकडे गेलं. स्टोअरचं नाणं गेटवेशी येऊन थांबलं. त्याचा जोडीदार आता येणार नव्हता. मॅडमनी दोन्ही नाण्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘मग हे अडकलं की.’ मी सुधारित बिल आल्याचं नाणं पुन्हा सुरुवातीला ठेवलं. तपासणी झाली, पुन्हा दोन नाणी. या वेळी खरेदीने होकार दिला, नाणं गेटवेशी पोचलं. तिथे स्टोअरचं मागच्या फेरीतलं नाणं आधीच बसलेलं होतं. दोन्ही बाजू भरल्या, गेटवे उघडला, बिल मंजुरीला गेलं. सुधारित बिलातली मालाची संख्या स्टोअरने अजून तपासलेलीच नव्हती.

मोघम चित्रातून नेमक्या चित्राकडे जाताना खरा धोका कुठे असतो, ते इथे दिसतं. जिथे चित्र अडून बसतं तिथे निदान कोणीतरी ओरडतं. इथे सगळं सुरळीत चाललेलं दिसलं असतं आणि जुन्या होकारावर नवं बिल निघून गेलं असतं.

टोकन सरकवून बघण्याची ही पद्धत पेट्री नेट या गणिती आकृत्यांमधून आलेली आहे, आणि तिचं मूळ कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधात आहे. १९९० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डेर आल्स्ट यांनी ती कार्यालयीन प्रक्रियांना लावली आणि ‘साउंडनेस’ नावाची कसोटी मांडली. सुरू झालेलं प्रकरण कुठूनही शेवटाला पोचू शकलं पाहिजे. ते शेवटाला पोचलं तेव्हा मागे एकही टोकन उरलेलं नसावं. आणि कधीच वाट्याला येणार नाही अशी एकही पायरी चित्रात नसावी. या कसोटीचं मोल असं की ती यंत्राला तपासता येते. एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअर कंपनीच्या संदर्भ मॉडेलमधली, म्हणजे नमुना म्हणून दिलेली, ६०४ प्रक्रिया-चित्रं संशोधकांनी २००६ मध्ये अशी तपासली तेव्हा किमान ३४ चित्रांमध्ये दोष निघाले. ती जाणकारांनी काढलेली आणि कित्येक कंपन्यांनी आधार म्हणून वापरलेली चित्रं होती. तेव्हा डोळ्यांवर विसंबून राहू नये, इतकं तर मला पटलंच. आमचं मॉडेल मी पेट्री नेटमध्ये उतरवून तपासलं. पहिल्या दोन अटींवर ते नापास झालं, कारण नाण्यांनी दाखवलेलंच.

ही तपासणी जिथे संपते तिथून पुढचं काम जास्त अवघड आहे. मॉडेल साउंड कसं करायचं याचे बहुतेक वेळा एकाहून जास्त मार्ग असतात, आणि प्रत्येक मार्गाने व्यवहार वेगळा होतो. आमच्यापुढे तीन होते. एकाने नकार दिला तरी दुसऱ्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं आणि मग एकत्र निर्णय घ्यायचा. किंवा पहिला नकार येताच दुसऱ्या विभागाचं काम तिथल्या तिथे रद्द करायचं. किंवा प्रत्येक विभागाने पुरवठादाराशी आपापलं परस्पर मिटवायचं आणि होकार मिळाल्यावरच पुढे यायचं. तिन्ही मॉडेलं कसोटीला उतरतात. कोणतं बरोबर, हे गणित सांगत नाही.

इथे विश्लेषकाच्या हातून फार सहजपणे एक गोष्ट होऊ शकते. मॉडेलिंगच्या साधनात जे सर्वांत नीट दिसतं ते तो काढून मोकळा होतो. कोणी विचारलेलं नसतं, कोणी ठरवलेलं नसतं, आणि सहा महिन्यांनी ‘सिस्टिममध्ये असंच आहे’ हे वाक्य कार्यालयाचा नियम बनून बसतं. असा निर्णय माझ्या माऊसने होऊ नये यासाठी मी पहिल्याच आठवड्यात एक नोंदवही सुरू केली. प्रश्न काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा परिणाम काय, कोणी ठरवलं, कधी आणि का. मॉडेलमधल्या प्रत्येक गेटवेला आणि टायमरला या वहीतला क्रमांक. ज्याला क्रमांक नाही ते चिन्ह मॉडेलमध्ये येणार नाही.

तीन पर्यायांचा प्रश्न वित्त विभागाच्या प्रमुखांकडे गेला, कारण या प्रक्रियेची जबाबदारी त्यांची होती. त्यांनी पहिला पर्याय निवडला. कारण सांगितलं ते मला कागदावर बसून सुचलं नसतं. पुरवठादाराला आज दराबद्दल एक पत्र आणि चार दिवसांनी संख्येबद्दल दुसरं, असं होऊ नये, सगळ्या हरकती एकदमच कळवायच्या. एका विभागाच्या उशिराने नकार लांबेल, ही किंमत त्यांनी समजून उमजून मान्य केली. वहीत ते कारणासकट लिहिलं. गेटवेचं चिन्ह बघून हे कारण कोणालाच कळलं नसतं.

यानंतर मी लोकांना विचारायचे प्रश्नच बदलले. ‘ही पायरी कशी होते?’ असं विचारलं की माणूस नियम सांगतो, तोही नीटनेटका. ‘मागचं अडकलेलं बिल आठवतं का? त्याचं काय झालं?’ असं विचारलं की गोष्ट येते. माल दोन खेपांत आला पण बिल एकच आलं. बिल आलं तेव्हा ऑर्डर रद्द झालेली होती. एकाच बिलाची प्रत टपालानेही आली आणि ईमेलनेही. ही प्रत्येक गोष्ट मी नाण्यांनी मॉडेलमधून चालवायचे आणि नाणं कुठे अडतं ते बघायचे. याच गोष्टी पुढे चाचणीची प्रकरणं म्हणून जशाच्या तशा वापरल्या.

‘गरज असल्यास’ या दोन शब्दांनी मात्र बराच काळ घेतला. काही बिलांना तांत्रिक विभागाचा अभिप्राय लागतो, काहींना कायदा विभागाचा, काहींना दोन्ही, काहींना एकही नाही. बीपीएमएनमध्ये यासाठी इन्क्लूसिव्ह गेटवे आहे, चौकटीत गोल काढलेला. फोडताना तो सोपा आहे, लागू असतील तेवढ्या वाटा सुरू करायच्या. जोडताना तो अवघड होतो, कारण कोणाची वाट बघायची हे त्याला आपल्याजवळ आलेल्या टोकनांवरून कळत नाही. मागे कुठेतरी असलेलं टोकन फिरत फिरत इथे पोचू शकतं का, हे अख्ख्या मॉडेलकडे बघून ठरवावं लागतं. त्यात मागे जाणारा बाण असेल तर दोन जोड एकमेकांची वाट बघत बसू शकतात. १९९२ पासून प्रचारात असलेल्या ईपीसी या जर्मन चित्रपद्धतीतही हाच ‘किंवा’चा जोड होता, आणि त्याचा नेमका अर्थ काय यावर संशोधक पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले.

मी तो गेटवे वापरलाच नाही. दोन्ही विभागांच्या वाटा पॅरलल गेटवेने नेहमीच सुरू करायच्या आणि प्रत्येक वाटेच्या आत एक साधा निर्णय ठेवायचा, अभिप्राय हवा असेल तर टास्क, नको असेल तर सरळ पुढे. वर्तन तेच राहतं, शेवटचा जोड दोन्ही टोकनांची वाट बघतो आणि दोन्ही येतातच. चित्रात काही चिन्हं वाढली. पण आता ते मॅडमना नाण्यांनी समजावता येत होतं, आणि माझ्या लेखी मॉडेल वाचता येण्याची हीच परीक्षा. यातून दुसराही फायदा झाला. ‘गरज’ कशाला म्हणायची हे प्रत्येक निर्णयाच्या जागी स्वतंत्रपणे लिहावं लागलं. तांत्रिक विभागाने आपली अट लगेच दिली. कायदा विभागात मात्र दोन वरिष्ठांच्या अटी एकमेकांशी जुळत नव्हत्या आणि त्यांना स्वतःलाच ते तोवर माहीत नव्हतं.

वेळेचंही तसंच. ‘दोन दिवसांत उत्तर न आल्यास वरिष्ठांकडे’ असं चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. इंजिनला कालावधी आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या मानकाच्या पद्धतीने सांगतात. दोन दिवसांसाठी तिथे जी खूण आहे ती दिनदर्शिकेतले दोन दिवस मोजते. सुट्ट्या आणि कार्यालयाची वेळ तिला माहीत नसते. शेवटच्या कामाच्या दिवशी संध्याकाळी आलेलं बिल सुट्टीनंतर कार्यालय उघडण्याच्या आतच वरिष्ठांच्या यादीत जाऊन बसलं असतं. म्हणून कामाच्या दिवसांचं कॅलेंडर बाहेर ठेवून मुदतीची तारीख तिथून काढायची आणि टायमरला ती तारीख द्यायची, असं केलं.

त्याहून गंभीर प्रश्न मुदत संपल्यावरचा होता. बीपीएमएनमध्ये टास्कच्या कडेला टायमर दोन प्रकारे लावता येतो. अखंड रेषेच्या वर्तुळाचा टायमर वाजला की ते टास्क बंद होतं आणि काम दुसरीकडे जातं. तुटक रेषेच्या वर्तुळाचा वाजला तर मूळ टास्क चालूच राहतं आणि शेजारी नवी वाट सुरू होते. दोन्ही चिन्हांत फरक फक्त रेषेचा, व्यवहारात तो अधिकाराचा. मुदत संपली म्हणजे मॅनेजरचा अधिकार गेला, की त्याला आठवण झाली आणि वरिष्ठांना खबर गेली? बैठकीत हे विचारलं तेव्हा खरेदीचे मॅनेजर म्हणाले, अर्थातच खबर. त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या वरिष्ठ म्हणाल्या, अर्थातच अधिकार. इतकी वर्षं दोघांनी त्याच ओळीखाली काम केलं होतं. मधल्या काळात दोघांनीही मंजूर केलेली काही बिलं फाइलमध्ये सापडली, आणि ती तशी का हेही मग कळलं. शेवटी ठरलं ते असं, पहिल्या मुदतीला तुटक टायमर, फक्त आठवण. दुसऱ्या मुदतीला अखंड टायमर, काम वरिष्ठांकडे आणि मॅनेजरच्या यादीतून गायब. ही दुसरी मुदत जुन्या चित्रात नव्हतीच. ती त्या बैठकीत जन्माला आली, आणि ती वहीत त्या दोघांच्या नावावर आहे.

‘मोठ्या रकमेचं बिल’ कशाला म्हणायचं यासाठी डीएमएन या निर्णय मांडण्याच्या प्रमाणित पद्धतीची निर्णय-सारणी केली, म्हणजे कोणत्या अटीला कोणता निर्णय याचा ओळीवार तक्ता. त्यात फारसं सांगण्यासारखं नाही, फक्त एवढं की सारणी ‘युनिक’ या प्रकारची ठेवली, म्हणजे कुठल्याही बिलाला दोन ओळी लागू झाल्या तर ती चूक समजली जाते. त्यामुळे रक्कम करासह की कराविना, आणि बरोबर मर्यादेइतकं बिल कोणत्या ओळीत, हे दोन्ही लगेच विचारावं लागलं. गेटवेंच्या जंजाळात हे दोन्ही प्रश्न लपून राहिले असते. बिल कोणाच्या यादीत जाईल, रजेवर असेल तर कोणाच्या, आणि ज्याने ऑर्डर काढली त्यानेच बिल मंजूर करू नये, हे नियमही याच टप्प्यात लिहिले. शेवटचा नियम बदली माणसालाही लागू होतो. ऑर्डर काढणारा जर रजेवरच्या मॅनेजरच्या जागी बसला असेल, तर बिल त्याच्या पुढच्या माणसाकडे जायला हवं.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो कोपऱ्यातल्या ‘अडचण असल्यास परत’ या बाणाने. परत म्हणजे कुठे, हे सोपं होतं. परत गेल्यावर आधी मिळालेल्या होकारांचं काय, हे अवघड. तांत्रिक विभागाने आठवडा घालवून अभिप्राय दिला, नंतर वित्त विभागाला बिलावर ऑर्डरचा क्रमांक चुकलेला दिसला, बिल परत गेलं, दुरुस्त होऊन आलं. तांत्रिक विभागाने पुन्हा आठवडा घालवायचा? बाण सुरुवातीला नेला तर उत्तर ‘हो’ असं होतं. बाण मधे नेला तर उत्तर ‘नाही’ होतं, पण मग रक्कम बदलून आलेलं बिलही जुन्या होकारांवर पुढे गेलं असतं. खरं उत्तर बाणात नव्हतंच, ते बिलातल्या रकान्यांत होतं. आम्ही प्रत्येक होकारासमोर लिहून काढलं की तो कोणत्या रकान्यांवर उभा आहे. स्टोअरचा होकार संख्येवर आणि मालाच्या वर्णनावर. खरेदीचा दरावर आणि अटींवर. वित्ताचा एकूण रकमेवर आणि बँक खात्यावर. सुधारित बिल आलं की बदललेले रकाने शोधायचे, त्यांच्यावर उभे असलेले होकार रद्द करायचे, बाकीचे तसेच ठेवायचे. बँक खातं बदललं असेल तर मात्र सगळेच होकार रद्द, आणि पुरवठादाराशी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर बोलून खात्री करायची. खोटं खातं घुसवून पैसे वळवण्याचे प्रकार जगभर होतात, त्यामुळे यावर कोणी वाद घातला नाही. पैसे गेल्यानंतर तर परत जाणारा बाणच काढून टाकला. दिलेले पैसे प्रक्रियेत मागे सरकवता येत नाहीत, त्यासाठी क्रेडिट नोटची, म्हणजे पुरवठादाराने ती रक्कम आपल्या नावे जमा दाखवण्याची, वेगळी प्रक्रिया लागते.

हे सगळं करताना एका जागी मी मुद्दाम हात आखडता घेतला. पुरवठादाराशी वाद झाला तर तो कसा मिटवायचा, याचंही तपशीलवार मॉडेल करा असा आग्रह झाला. मी खरेदी विभागातल्या लोकांबरोबर बसून जुन्या वादांच्या गोष्टी ऐकल्या. एकही दुसऱ्यासारखी नव्हती. कुठे एका फोनवर मिटलं, कुठे नमुना परत तपासायला पाठवला, कुठे पुढच्या ऑर्डरमध्ये तडजोड झाली. याला बाणांत बसवलं असतं तर चांगली माणसं वाईट काम करायला लागली असती. म्हणून तिथे एकच टास्क ठेवलं, ‘वाद मिटवणे’. आत काय करायचं ते त्या माणसाने ठरवायचं. बाहेर पडायच्या वाटा मात्र नेमक्या तीन: बिल मान्य, सुधारित बिल येणार, बिल रद्द. प्रत्येक वाटेला कोणते कागद जोडलेले असले पाहिजेत तेही पक्कं. कडा काटेकोर आणि आतली जागा मोकळी, ही रचना टिकली. आणि माझा असा ठाम समज झाला आहे की प्रत्येक प्रक्रियेत अशी एखादी जागा असतेच. ती ओळखणं हाही नेमकेपणाचाच भाग आहे.

मॉडेल तयार झालं तेव्हा ते मूळ स्लाइडपेक्षा कितीतरी मोठं झालं होतं. विभागप्रमुखांना ते दाखवलं तर पहिली प्रतिक्रिया आली, ‘आमचं चित्र कुठे गेलं?’ ही तक्रार रास्त होती. ज्या चित्रात माणसाला आपलं काम ओळखू येत नाही त्याच्यावर तो सही करतो, पण ते वाचत नाही. मग वरच्या पातळीवर जुन्या स्लाइडचेच चौकोन, त्याच नावांनी, सबप्रोसेस म्हणून ठेवले आणि तपशील त्यांच्या आत नेला. ‘तपासणी’ उघडली की आत गेटवे, टायमर, सारणी. बंद असली की ओळखीचा चौकोन. एक बदल मात्र वरच्या चित्रातही केला. खरेदी आणि स्टोअर जिथे एकत्र येतात तिथे जोडाचं चिन्ह उघडं ठेवलं, कारण तिथे थांबायचं असतं हे यापुढे प्रत्येकाला दिसायला हवं होतं.

चालू करण्याच्या आधी शेवटचा निर्णय राहिला होता तो अर्ध्या वाटेवर असलेल्या बिलांचा. त्यांना नव्या मॉडेलमध्ये आणायचं तर प्रत्येकाचं टोकन नेमकं कुठे ठेवायचं हे सांगावं लागतं, आणि ‘स्टोअरने तोंडी होकार दिलाय’ अशा स्थितीसाठी नव्या मॉडेलमध्ये जागाच नव्हती. ज्यांचे होकार लेखी होते ती बिलं त्या त्या जागी आणली. बाकीची जुन्याच पद्धतीने पूर्ण करायची ठरली, आणि त्यांची यादी मॅडमकडे दिली. त्यातल्या काही बिलांची पूर्ण हकिकत फक्त त्यांनाच माहीत होती. आता प्रक्रियेत बदलाचा प्रस्ताव आला की त्याची बैठक त्यांच्याशिवाय होत नाही. वहीत सध्या सात प्रश्न उघडे आहेत. त्यातला सर्वांत जुना आहे आगाऊ रकमेचा, माल येण्याआधीच पैसे द्यायचे असतील तर स्टोअरचा होकार कशावर उभा राहणार? त्यावर खरेदी आणि वित्त यांचं अजून एकमत झालेलं नाही. तोपर्यंत आगाऊ रकमेची बिलं इंजिनमध्ये घ्यायची नाहीत, हेही त्याच वहीत वित्तप्रमुखांच्या सहीने लिहिलेलं आहे.